ब्रेक सुटल्यावर

पेडण्याहून सकाळी निघालेली बस म्हापसा, पर्वरी करत मांडवीच्या पुलावर आली आहे. खिडकीशी बसलेल्या काकींच्या मांडीवर रिपोर्टांची पिशवी. फुफ्फुसाचा कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी ही फेरी.

हे त्यांचं औषध, पेम्ब्रोलिझुमॅब. १०० मिलिग्रॅमची कुपी, आत जेमतेम ४ मिलिलिटर. सिस्टर ती जोरात हलवत नाहीत, नुसती अलगद कलती करतात. प्रथिन आहे, हिंदकळलं तर बिघडायची भीती. मग सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात शिरेतून आत.

औषध स्वतः कॅन्सरच्या पेशी मारत नाही. ते काम रोगाशी लढणाऱ्या आपल्याच टी-पेशींचं. या पेशींनी आपल्याच अवयवांवर तुटून पडू नये म्हणून त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कॅन्सर नेमका तोच दाबतो: स्वतःच्या अंगावरचं पीडी-एल१ नावाचं प्रथिन त्याला भिडवतो आणि टी-पेशी थंड पडते. औषध आधीच पीडी-१वर जाऊन बसतं, कॅन्सरला तिथे जागाच उरत नाही. १९९२मध्ये क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनं पीडी-१ शोधलं. २०१८मध्ये त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आणि ब्रेक सुटलेल्या पेशी कधी आपल्याच अंगावर येतात. थायरॉईड मंदावतं, पुरळ उठतं, आतडं, यकृत, फुफ्फुस सुजतं, क्वचित हृदयही. कधी उपचार संपल्यावर काही महिन्यांनी. वेळेत कळलं तर यातलं बरंचसं स्टिरॉइडनं आटोक्यात येतं.

सिस्टर बजावतात, "काकी, जुलाब लागले तर दही-भात खाऊन वाट बघू नका. दम लागला, कोरडा खोकला आला तर पावसाळी म्हणून काढा पीत बसू नका. त्याच दिवशी फोन करा."

किंमत मात्र बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलचा अभ्यास आम्हाला मोलाचा वाटतो. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये पोटातून घ्यायच्या औषधांना त्यांनी निवोलुमॅबची जोड दिली. तेही पीडी-१वरचंच. डोस तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा रुग्ण घरात असेल, तर या डोसबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.