लेकीच्या घरी नव्वद दिवस

(जर्मनीतल्या श्टुटगार्ट परिसरातल्या मराठी मंडळींच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला.

हा विषय मी संक्रांतीलाच मुद्दाम मागून घेतला. आपल्या बऱ्याच घरांत या दिवसांत एकच हिशेब चालू असतो: आईबाबांना मे महिन्यात बोलवायचं, की मुलांच्या पेंटेकोस्टच्या (ख्रिस्ती सणाच्या) शाळेच्या सुट्टीला धरून? शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि मिळतात जास्तीत जास्त ९० दिवस. त्या ९० दिवसांबद्दल बोलायचं आहे.

माझे वडील, अण्णा, एसटीत होते. सातारा आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. २०१८ मध्ये आई आणि ते पहिल्यांदा इकडे यायचे होते, तेव्हा मी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र करून आणलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते केलं आहे. पगाराच्या पावत्या, २९ युरो शुल्क आणि एक सही, की पाहुण्यांचं राहणं, खाणं, औषधपाणी, वेळ पडली तर परत पाठवण्याचा खर्च, सगळं माझ्याकडे. मला तो नुसता सरकारी कागद वाटला. मजकुराचा अर्थ मराठीत लिहून मी तो अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन दिवस काहीच उत्तर नाही. मग आईचा फोन आला. "ते म्हणतायत, जन्मभर कुणाचं देणं ठेवलं नाही, आणि आता लेकीच्या सहीवर जायचं?"

आमच्याकडे लेकीच्या घरी मुक्काम लांबवू नये ही समजूत अजून पक्की आहे. माझे आजोबा आत्याकडे जेवले, तर ताटाखाली पैसे ठेवून उठायचे. अण्णा आले ते हे सगळं मनात घेऊनच आले. मी मात्र तिकडे लक्षच दिलं नाही.

आम्ही केलं ते सगळे करतात तेच. दोन आठवडे रजा काढली. पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड. आईचे पाय सुजले, पण फोटो छान आले. रजा संपली आणि पुढचे दहा आठवडे आम्ही दोघं सकाळी साडेसातला बाहेर पडायचो, संध्याकाळी सहाला परत. जाताना मी रोज बजावायची, "बाहेर जाऊ नका हं, दार मागे लागलं तर किल्लीवाला बोलवावा लागेल." इथली दारं तशीच आहेत, ओढली की बाहेरून उघडत नाहीत. त्या धाकाने दोघं कचरा टाकायलासुद्धा खाली उतरायची नाहीत. जादा किल्ली माझ्या कपाटात होती.

एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "समोरच्या थांब्यावर आज तीन बस उशिरा आल्या. एक चार मिनिटं, दोन दोन-दोन मिनिटं." मी "हं" म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. ज्या माणसाने सगळी नोकरी गाड्या वेळेवर सोडण्यात घालवली, तो खिडकीशी बसून बस मोजत होता. त्या "हं"ची मला आजही लाज वाटते.

२०२३ च्या एप्रिलअखेरीस ते पुन्हा आले. या वेळी पहिल्याच संध्याकाळी मी दोघांच्या हातात एकेक किल्ली ठेवली, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. त्याच मे महिन्यात डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर स्थानिक बस-गाड्यांना चालणारा मासिक पास, सुरू झालं होतं, तेव्हा महिन्याला ४९ युरो. पैसे माझ्या खात्यातून जायचे. पण दर एक तारखेला फळांच्या परडीखाली ४९ युरो रोख ठेवलेले असायचे. "सही तुझी, तिकीट माझं," अण्णा म्हणाले. पहिल्या महिन्यात मी ते परत करायला निघाले होते, नवऱ्याने थांबवलं. तो म्हणाला, "घे. हे पैसे घेतलेस तरच ते इथे मोकळेपणाने राहतील." मी घेतले. तुमच्याकडे कुणी असे पैसे ठेवले, तर तुम्हीही घ्या.

मग अण्णांनी शहर हातात घेतलं. मारिएनप्लाट्झहून डेगरलोखला चढणारी दातेरी रुळांची गाडी १८८४ पासून चालू आहे, सायकलींसाठी तिच्या पुढे वेगळी गाडी जोडलेली असते, हे मला त्यांनी सांगितलं. मी इथे नऊ वर्षं राहत होते आणि तिच्यात एकदाही बसले नव्हते. एका रविवारी ते मला घेऊन गेले. चढावर खिडकीतून खाली बघत म्हणाले, "खंबाटकीत रात्रीच्या गाड्या अशाच कण्हत चढायच्या."

आईला गाड्यांचं काही नव्हतं. तिला सापडली केअरवोखे. श्वाबेनबाहेरून, म्हणजे आपल्या या भागाबाहेरून, कुणी आलं असेल तर सांगते: ज्याच्या दारावर पाटी लटकेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा. आमची पाळी आली तेव्हा आईने झाडू हातातून सोडलाच नाही. मी चिडले, लोक काय म्हणतील, हिने आईला कामाला लावलं! खालच्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या, कठड्यावरून बोट फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी श्निटलाउखची एक कुंडी आमच्या दाराशी ठेवून गेल्या. आईने त्यातली बारीक हिरवी पात कांद्याच्या पातीसारखी थालीपिठात घातली. चार थालीपिठं खाली गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तीन महिने बोलणं चालू होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. आईने जिना स्वतःहून घेतला. आपण मात्र पुष्कळदा पाळणाघर बंद असण्याच्या तारखा बघून आईवडिलांची तिकिटं काढतो आणि त्याला प्रेमाने बोलावणं म्हणतो. नातवंडं सांभाळायला त्यांना आवडतंच, पण किती दिवस आणि किती वेळ, हे तिकीट काढण्याआधी विचारा.

विम्याचं थोडक्यात. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, म्हणून लोक तो आकडा बघून पॉलिसी घेतात. जुनी दुखणी आणि दात यांचं त्यात काय लिहिलंय ते वाचा. आईच्या दाढेचं बिल आम्हीच भरलं. फ्रिजवर ११२ लिहून ठेवा, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टरांसाठी ११६११७. बॅगेत तूप आणि खवा नको, दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून आणता येत नाहीत. तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे तिकडेच खाऊन या. हापूसही प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाही. नारळ मात्र चालतो.

निघायच्या दोन दिवस आधी अण्णांनी मला एक वही दिली. दोनशे पानी, निम्मी भरलेली. घरापासून मारिएनप्लाट्झ, वनस्पती उद्यान, भाजीबाजार, आमचं ऑफिससुद्धा: कुठे चढायचं, कितवा थांबा, उतरल्यावर बेकरी डाव्या हाताला की उजव्या. ऑगस्टमध्ये माझे सासू-सासरे येणार होते, त्यांच्यासाठी लिहिली होती. पहिल्या पानावर "व्याह्यांस सप्रेम". माझ्या सासूबाई आल्यापासून चौथ्या दिवशी ती वही पिशवीत टाकून एकट्या भाजीबाजारात जाऊन आल्या.

वही आज मी इथे आणली आहे, चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. ज्यांच्याकडे या उन्हाळ्यात कुणी येणार आहे त्यांनी पानांचे फोटो काढून घ्या. थांब्यांची नावं देवनागरीत आहेत. वेळा काही ठिकाणी बदलल्या असतील. काही चुकलेलं आढळलं तर मला कळवा. अण्णा दर रविवारी फोनवर विचारतात आणि सातारच्या प्रतीत दुरुस्ती करून ठेवतात.