आधी कात्री, मग खत

(ताराबाई पार्क. जुन्या बंगल्याच्या कुंपणालगत गुलाबांची रांग. पानांपेक्षा वाळक्या काड्याच जास्त.)

दसरा झाला, पाऊस उघडला. कोल्हापुरात गुलाबाची छाटणी करायची ती आत्ताच.

या झाडांकडे कित्येक वर्षं कुणी बघितलेलं नाही. अशा वेळी हात आधी खताच्या पोत्याकडे जातो. युरियाची एक मूठ टाकली की काम झालं! माळीमामा हसतात. "आजाऱ्याला पहिल्याच दिवशी तांबडा-पांढरा वाढतासा व्हय? आधी पेज द्या."

खरंच आहे ते. खत पाण्यात विरघळून कोवळ्या मुळांवाटेच आत जातं. इथे कोवळी मुळं थोडी आणि काळी माती तुडवून घट्ट झालेली. त्यात युरिया पडला तर आहेत ती मुळंही पोळतात.

म्हणून आधी खुरपं. बुंध्याभोवती वरची दोन इंच माती भुसभुशीत करायची, बस्स. मुळं उघडी करून उन्हं द्यायची जुनी रीत जोमदार झाडाला चालते, या झाडांना नको.

मग कात्री. वाळकी फांदी जिवंत लाकूड लागेपर्यंत कापायची. जुन्या, जाड फांद्या मात्र सगळ्या एकदम नाही. यंदा साधारण तिसरा हिस्सा. कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट.

(बुंधा जवळून.)

ही सरळसोट, तजेलदार फूट बघा. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या जागेच्या खालून आलीय. म्हणजे ही खुंटाची, ज्यावर कलम केलं त्या खालच्या झाडाची. घरच्यांना वाटतं, झाड सावरलं! पण कलमाचं अन्न हीच पळवते. कात्रीने कापली तर पुन्हा फुटते. माती उकरून बुडापासून ओढून काढायची.

नवे लालसर कोंब बोटभर झाले, की खत. आदल्या दिवशी भरपूर पाणी. मग घमेलंभर कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, एक मूठ हाडांचा चुरा. बुंध्याला न चिकटवता आळ्यात गोल पसरायचं. साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळीही चालते, पण जुनी, पूर्ण कुजलेली. ताजी तापते.

छाटणीनंतर दीड महिन्यात फुलं येतात. पण काडी बारीक असेल तर पहिली कळी खुडलेलीच बरी. घरात हे कुणालाच पटत नाही. म्हणून माळीमामा सकाळी सगळे उठायच्या आत येऊन खुडून जातात.