ओपाहून निघालेले पाणी

(दृश्य : पहाट. गोव्यातली खांडेपार नदी, ओपाचे जलशुद्धीकरण केंद्र)

नदीवर अजून धुके आहे. पणजीत कोणी नळ सोडलेला नाही; पण त्या नळाच्या पाण्यासाठी इथले पंप केव्हाचे घरघरत आहेत.

नदी सखल, माणसे टेकाडांवर. पणजीतल्या आल्तिनोच्या टेकडीवर पाणी आपण होऊन चढत नाही. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंपातली घट धरली तर आणखी. पुढे इमारतीच्या गच्चीवर पुन्हा चढण आहेच. गोव्याची बरीचशी वीज परराज्यांतून येते, छत्तीसगडमधल्या कोरब्याच्या औष्णिक केंद्रातूनही. आल्तिनोवर टाकी भरून वाहते तेव्हा तिकडे कुठेतरी कोळसा फुकट जळालेला असतो.

(दृश्य : जुनी न्हाणी, चुलीवर तांब्याचे भाण)

पण खरा जाळ न्हाणीत आहे. भाणाखाली लाकडे घालणाऱ्या आजीला प्रत्येक तांब्याभर पाण्याची किंमत कळत होती, कारण धूर तिच्याच डोळ्यांत जायचा. गिझरचा धूर आपल्याला दिसत नाही. १५ लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे ०.३ युनिट वीज लागते. हजार लिटर १०० मीटर चढवायला लागते, जवळपास तेवढीच. एका बादलीला!

(दृश्य : पाऊस, टँकरमागे कळश्यांची रांग)

ऑगस्ट २०१९. खांडेपारजवळ मुख्य जलवाहिनी फुटली आणि ऐन पावसाळ्यात पणजी, तिसवाडी, फोंडा भागांतले नळ कित्येक दिवस कोरडे पडले.

नळ कोरडा पडतो तेव्हा वाहिनीतला दाब जातो. ज्या भोकातून पाणी बाहेर गळत होते, त्याच भोकातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. कोणी नळालाच पंप जोडला असेल, तर ते ओढलेच जाते. जुलाब आणि कावीळ अशी घरात येते. पुन्हा नळ जाईल या धास्तीने आपण पिंपे भरून ठेवतो, आणि डेंग्यूचा डास अंडी घालतो तो अशाच साठवलेल्या पाण्यात. आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. म्हणून पिंप झाकायचे, आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायचे. पाणी तुंबवून ठेवणे ही बचत नव्हे.

सप्टेंबर २०२१ पासून महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या घरांना बिलमाफी मिळू लागली. चौघांच्या घरात माणशी दिवसाला १३३ लिटर. कल्पना मला मनापासून आवडली. पण मीटर असतो घराच्या दारात. रस्त्याखाली गळणारे पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

(दृश्य : मध्यरात्र. रिकामा रस्ता)

ती गळती शोधायची वेळ ही. वाहने थांबलेली, शहर निजलेले. लोखंडी दांडा वाहिनीवर टेकवायचा, वरच्या टोकाला कान लावायचा, श्वास रोखायचा.

खाली कुठेतरी सूं... असा बारीक आवाज येतो. तिथे खडूने फुली मारायची. सकाळी खणायला माणसे येतील.