मेंडेनहॉलला परत गेलेला माणूस

मिसिसिपी. अमेरिकेच्या दक्षिणेतलं कापसाचं राज्य. रविवारी सकाळी इथे काळ्यांचं चर्च वेगळं आणि गोऱ्यांचं वेगळं, दोन्हीकडे येशू तोच आणि प्रभूची प्रार्थनाही तीच, पण बाहेर आलं की पाण्याचे नळसुद्धा वेगळे. हे काही कुणाच्या आजोबांच्या गोष्टीतलं नाही हां, १९६०च्या दशकापर्यंत कायदाच तसा होता.

जॉन पर्किन्स इथलेच, न्यू हेब्रन गावात १९३० साली जन्मलेले. आई ते तान्हे असतानाच गेली, शाळा तिसरीतच सुटली. मोठा भाऊ क्लाइड दुसऱ्या महायुद्धात लढून परत आला आणि १९४६ मध्ये गावातल्या थिएटरच्या रांगेत उभा असताना एका गोऱ्या मार्शलने, म्हणजे गावच्या पोलिसाने, त्याला गोळी घातली. मग घरच्यांनी जॉनला कॅलिफोर्नियाला धाडलं, इथे राहिला तर हाही मरेल म्हणून.

तिकडे सगळं छान चाललं होतं. नोकरी, घर, बायको-मुलं. मुलगा स्पेन्सर संडे स्कूलला, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गाला, जायला लागला आणि बापालाही ओढून घेऊन गेला, त्यातून १९५७ मध्ये पर्किन्स येशूवर विश्वास ठेवायला लागले. आणि १९६० मध्ये बायको व्हेरा मे आणि मुलांना घेऊन ते चक्क परत मिसिसिपीत, मेंडेनहॉलला राहायला आले. का तर म्हणे देवाने सांगितलं. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील, कल्पना करा.

फेब्रुवारी १९७०. मेंडेनहॉलमध्ये काळ्यांचा गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार चालू होता, निदर्शनं करून परत निघालेल्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी पकडलं आणि पर्किन्स त्यांना जामिनावर सोडवायला ब्रॅंडनच्या तुरुंगात गेले. तिथे त्यांनाच रात्रभर मारलं, नाकात काटा-चमचा सेटमधला काटा खुपसला, आणि वर स्वतःचं सांडलेलं रक्त त्यांच्याकडूनच पुसून घेतलं. नंतर ते सांगायचे की मारणाऱ्यांचे द्वेषाने वाकडे झालेले चेहरे बघून वाटलं, ही माणसंही आजारीच आहेत, आणि तिथेच प्रार्थना केली, इथून जिवंत सुटलो तर यांनाही बरं करेल अशी येशूची सुवार्ता सांगेन. प्रार्थनेचा हा भाग मला तरी झेपत नाही, खरं सांगते.

पण ते प्रार्थनेवर थांबले नाहीत, महत्त्वाचं ते पुढे आहे. दवाखाना, जुन्या कपड्यांचं स्वस्त दुकान, मोठ्यांसाठी शिकवणी, घरं दुरुस्त करणं, हे सगळं त्यांच्या ‘व्हॉइस ऑफ कॅल्व्हरी’ या संस्थेने उभं केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, गरीब वस्तीसाठी प्रार्थना करायची तर त्या वस्तीत राहायला या, गोऱ्या-काळ्यांचा समेट करा, आणि पैसा, जमीन, शिक्षण वाटून घ्या. पहिल्या दोन गोष्टींना चर्चमध्ये ‘आमेन’ म्हणणारे बरेच भेटतात, तिसरीला मात्र सगळे घड्याळ बघायला लागतात.

१९८९ मध्ये अशी कामं करणाऱ्यांची देशभरची संघटना उभी राहिली. आणि इकडे मिसिसिपीतल्याच जॅक्सन शहरात स्पेन्सर आणि त्याचा गोरा मित्र क्रिस राइस कुटुंबांसकट एकाच घरात राहत होते, स्वयंपाकघर सामाईक, पैसे सामाईक. गावोगावी जाऊन समेटावर बोलायचे आणि घरी मात्र या दोघांचंच इतकं फाटलं की १९९७ मध्ये सगळं मोडायच्या बेतात होतं. शेवटी जुन्या मित्रांना मध्ये पडावं लागलं, समेट शिकवणाऱ्यांचाच समेट करायला.