रोजची भाकर

आत्ता आपण सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली, म्हटली. ती इतकी पाठ झाली आहे की जीभ पुढे धावते आणि मन मागे राहतं. म्हणून आज मला तिच्यातल्या एकाच ओळीपाशी बसायचं आहे: 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.'

ज्यांनी पवित्र शास्त्र मराठीत आणलं त्यांनी इथे 'भाकर' लिहिलं, याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. सकाळची भाकर रात्री कडक होते, दुसऱ्या दिवशी ती कालवणात कुस्करूनच खावी लागते. या शब्दातच 'रोज' आहे.

1972च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आमची विहीर तळाला गेली होती. आईवडील खडी फोडायच्या कामावर जायचे. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, मिळायचा. त्याच्या पिठाला चिकटपणाच नाही, त्यामुळे आईची भाकर थापतानाच कडेला फाटायची. जेवायच्या आधी चुलीपुढे बसून आम्ही हीच प्रार्थना म्हणायचो. एकदा मी विचारलं, "आई, रोज रोज काय मागायचं? आठवड्याची एकदम का नाही मागत?" परातीला लागलेलं पीठ बोटाने निपटत आई म्हणाली, "उद्याची उद्या मागू गं. तो काय उद्या झोपणाराय?"

पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय पुढे कळत्या वयात वाचला, तेव्हा आईचं हे उत्तर मला तिथे भेटलं. मिसर, म्हणजे इजिप्त, इथली गुलामी सोडून इस्राएल लोकांना जेमतेम महिना झाला होता. रानात अन्न नाही, आणि लोक त्यांना बाहेर काढणाऱ्या मोशेवर कुरकुरतात, की मिसरात आम्ही मांसाच्या हंड्यांपाशी बसून पोटभर खात होतो, तेच बरं होतं. मग सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, पांढरं दिसतं. धण्यासारखं, चवीला मधाच्या पोळीसारखं. सगळे एकमेकांना विचारतात, 'हे काय?' आणि तेच त्याचं नाव पडतं, मान्ना. माणशी एक ओमर गोळा करायचं, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. ऊन चढलं की ते वितळायचं, तेव्हा सकाळी उठून बाहेर जावंच लागे. आणि सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. काहींनी ठेवलं. त्यात किडे पडले, घाण सुटली.

देवाने असं का केलं असेल? निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात त्याचं कारण मला दिसतं. हे लोक मिसरात काय करत होते? फारोची पिथोम आणि रामसेस ही भांडारनगरं बांधत होते. राजाची कोठारं भरायची, आणि पाठीवर चाबूक. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की ज्याच्याकडे साठा त्याच्याकडे सत्ता. त्यांचे पाय मिसरातून बाहेर आले, पण ते कोठार मनात तसंच राहिलं. ते रिकामं व्हायला चाळीस वर्षं रोजची सकाळ लागली. देवाने देऊ केलेल्या कनान देशातलं धान्य त्यांनी खाल्लं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना थांबला.

कणगी भरून ठेवणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. त्याच मिसरात पूर्वी योसेफाने दुष्काळाआधी सात वर्षं धान्य साठवलं, तेही देवाच्या सांगण्यावरूनच, आणि त्यावर देशोदेशीचे भुकेले जगले. शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करायला देवानेच सांगितलं होतं.

आणि आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. ज्यांना भाकर मिळाली नाही त्यांचा विश्वास कमी पडला, असं कोणीही, कधीही म्हणू नये. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. ती माणसं देवाधर्माची होती, तीर्थोतीर्थी हिंडलेली होती. रमाबाईंनी त्या भुकेचा हिशेब देवाकडे कसा मांडला असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. त्या मुलींची रोजची भाकर देवाने कोणाच्या हातून पाठवली, ते आपण बघतोच आहोत.

म्हणून त्या ओळीतला 'आम्हाला' मला सोडवत नाही. 'मला' नाही, 'आम्हाला'. मान्ना मापला तेव्हा ज्याने पुष्कळ गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, आणि ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. हेच वचन प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. कधी? यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना!

माझ्या आईला यातलं काही वाचता येत नव्हतं. पण तवा उतरवायच्या आधी ती दारात यायची आणि आळीवर नजर टाकायची. कोणाच्या छपरातून धूर निघालेला नाही, ते बघायची. मग ती फाटक्या कडेची भाकर मधोमध मोडून फडक्यात बांधायची आणि माझ्या हातात देऊन म्हणायची, "जा, पळ. गरम आहे तोवर दे. आणि तिथे उभी राहू नकोस, त्यांना लाजवू नकोस."