सुगरणीचं घरटं विणतो नर, पास करते मादी

नमस्कार मंडळी! मागे हा जो चिरचिराट चाललाय तो मी एडिट करून काढणार नाहीये, कारण आजचा विषयच तो आहे. सकाळच्या फेरीबोटीने गोव्यातल्या रायबंदरहून चोडण बेटावर आलेय, मागे भातशेत, बांधावर एक वाकलेला माड आणि त्याच्या झावळ्यांना लटकलेली ही सुगरणीची घरटी. थांबा, झूम करते.

सुगरण म्हटलं की डोळ्यासमोर बाईच येते, नावच तसं आहे, आणि लहानपणापासून आपण धरून चाललोय की मादी पिल्लांसाठी घर विणते. पण विणतो नर! हा बघा, डोकं पिवळंधमक, चेहरा काळपट, हा रंग फक्त विणीच्या हंगामात, एरवी तो मादीसारखाच चिमणीच्या रंगाचा. पात्याच्या कडेला चोचीने छोटीशी खाच पाडतो, टोक धरून उडतो की लांबच लांब पट्टी फाटून हातात, म्हणजे चोचीत! 20 ते 60 सेंटिमीटर. एका घरट्यासाठी अशा 500 पर्यंत फेऱ्या होतात.

आणि एवढं करून तो मध्येच थांबतो. साधारण आठवड्याभरात घरट्याचा आकार हेल्मेटसारखा होतो, खालून उघडं, मधोमध एक आडवी पट्टी, बस, पुढचं काम बंद. मादी आली रे आली की सगळे नर आपापल्या घरट्याला लटकून पंख फडफडवत ओरडत सुटतात... आत्ता झालं तेच, ऐकलंत? ती बघा, डावीकडून तिसऱ्या घरट्यात शिरली. पट्टीवर बसली, चोचीने एक पातं ओढून बघितलं, परत ओढलं, बाहेर आली, शेजारच्यात डोकावली आणि गेली उडून. तो बिचारा लगेच परत विणायला लागला.

ती बघते काय, तर अभ्यास करणाऱ्यांना असं आढळलंय की विणकामापेक्षा जागा तिला जास्त महत्त्वाची वाटते. साप, कावळे पोचणार नाहीत अशी जागा हवी ना. घरटी बहुतेक झाडाच्या पूर्वेकडच्या बाजूला असतात, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, पूर्वेला जरा आडोसा मिळतो.

पसंत पडलं की नर उरलेलं पूर्ण करतो, अंड्यांची खोली, मग ती खाली लोंबणारी लांब नळी, आणि आतली शेवटची डागडुजी बऱ्याचदा मादी करते. 2 ते 4 अंडी, दोन आठवड्यांच्या आसपास उबवणं, ते सगळं तिचं. नर मात्र तोवर जवळच दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हे पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी 1930 च्या सुमाराला अलिबागजवळ किहीमला रोज बसून नोंदवलं, आणि आज इथे चोडणच्या अभयारण्याला त्यांचंच नाव आहे. प्लीज त्याला बेवफा म्हणू नका, पावसात दाणे, किडे भरपूर असतात, पिल्लांना ती जवळजवळ एकटी भरवू शकते, तो कधीमधी हातभार लावतो.

दयाळ पक्ष्याचं वेगळं असतं, तिथे नर पहाटे उंच शेंड्यावर बसून गाऊन मन वळवतो, त्यावर सेपरेट व्हिडिओ करेन.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. गेल्या पावसात आमच्या वाड्यावर कुणीतरी शोसाठी हेल्मेटवाली घरटी काढून नेली, अर्धवट आहेत म्हणजे टाकून दिलीत असं समजून. अहो, ती मादीची वाट बघत असतात! आणि खरंच रिकामी झालेली घरटी मुनिया या छोट्या पक्ष्यांना लागतात, तेव्हा तीही राहू द्या तिथेच.

थांबा थांबा, ती परत आली. त्याच तिसऱ्यात गेली... आता मी गप्प बसते, कॅमेरा चालू ठेवते, तुम्ही बघा.