अंड्याची पोळी

(अंधार. लाटण्याचा आवाज. मग गॅसची निळी ज्योत.)

पहाटेचे साडेपाच. ठाण्यातलं किसननगर. काकूंच्या शेजारच्या डब्यात 100 पोळ्या झाल्यात, दुपारपर्यंत अजून तेवढ्याच व्हायच्यात. त्या पोळी-भाजी केंद्रावर जातील, तिथून वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांत. हे घर पोळ्यांवर चालतं. आणि याच घरात काकांना मात्र पोळी बंद आहे.

काका रिक्षा चालवतात. दीड वर्षापूर्वी शुगर निघाली. भात-पोळी कमी करा, अंडी, मासे, भाज्या वाढवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी मान डोलावली आणि घरी येऊन हिशेबाची वही उघडली.

(वहीचं पान.)

त्या वहीत तांदूळ-गव्हाचा खर्चच नाही. त्यांच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं आणि जानेवारी 2023 पासून त्याचे पैसेही पडत नाहीत. चार माणसांचं 20 किलो. म्हणजे काकांच्या ताटातला भात उचलला तर वाचतं काय? शून्य. आणि त्याच्या जागी जे ठेवायचं, ते एकूण एक विकत.

लो-कार्ब, म्हणजे भात-पोळी-साखर कमी असलेल्या जेवणाच्या गप्पा मारताना हे कुणी सांगत नाही. मोबाइलवर शोधलं तर बदामाचं पीठ, चीज, ॲव्होकाडो. किलोभर बदामाच्या पैशांत इथे काकांची महिन्याची अंडी येतात.

मी कॅमेऱ्यामागून विचारलं, "काकू, मग ज्वारीची भाकरी का नाही? ती तर पथ्याची."

"पथ्याची आहे, पण पीठच ना गं ते!"

खरंय. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात 78 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास. भाकरीत चोथा जास्त, ती सावकाश पचते, पोटाला आधार देते. पण मोजायला बसलं तर फरक आपण समजतो तेवढा नाही. डाळीचंही तसंच. तूरडाळीत प्रोटीन 22 ग्रॅम, पण कर्बोदकं निम्म्याहून जास्त. उपवासाच्या साबुदाण्याबद्दल तर न बोललेलंच बरं. तो जवळपास निव्वळ स्टार्च.

(जांभळी नाका, रात्रीचे साडेआठ. पिवळे बल्ब, चिखल, ओरडा.)

काकू मंडईत उशिरा येतात. टोपल्या उचलायची वेळ झाली की भाव उतरतात. आज दोन कोबी घेतले, मुळा पाल्यासकट घेतला. फ्लॉवरचा गड्डा महाग म्हणून सोडला, पण भाजीवाल्याने छाटून टाकलेला त्याचा कोवळा पाला मागून घेतला. तो फुकट. पावसाळ्यात स्टेशनबाहेर येऊरच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा घेऊन बसतात. "दोन महिने तीच माझी मेथी," काकू म्हणतात.

मग चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. मूठभर सुकट पातेलंभर भाजीला चव देते आणि वर प्रोटीन. कोंबडीवाल्याकडे काकू चिकन विचारतच नाहीत, कलेजी-पेठा, म्हणजे कोंबडीचं काळीज आणि पोट, घेतात. भाव बराच कमी.

(कढई. क्लोज-अप.)

आता कोबीचा भात. नाव त्यांच्या धाकट्या मुलाने चिडवायला ठेवलं, तेच टिकलं. कोबी विळीवर इतका बारीक चिरायचा की दाणे वाटावेत. तेल सढळ. काकू इथे हात आखडत नाहीत, कारण भात गेल्यावर भूक भागवणारं दुसरं काही ताटात लागतंच. मोहरी, कढीपत्ता, लसूण, हळद. मग कोबी, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता. झाकलं की पाणी सुटतं आणि सगळ्याचा लगदा होतो. मीठ अगदी शेवटी, तेही चिमूटभर, कारण सुकट खारट असते आणि काकांना बीपीही आहे. सुकट आधी कोरडी भाजून, दोनदा धुऊन, घट्ट पिळून घेतलेली. ती वरून पसरायची, दोन मिनिटं परतायची, की झालं.

मी खाऊन पाहिलं. भात नाही तो. भाताची आठवण येते, एवढं खरं. पण कालवण ओतल्यावर मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पोरांना याच कालवणाबरोबर रेशनचा भात. एक चूल, एक पातेलं, फक्त ताटं वेगळी. "दोन स्वयंपाक करायला मला कुठे वेळ!"

(रिक्षा स्टँड. डबा उघडतो.)

अंड्यांचे पैसे कुठून आले? स्टँडवरून. काका रोज दोन वडापाव आणि दोन कटिंग घ्यायचे. पाव, बटाटा, साखर, वर चाळीसेक रुपये. ते बंद झाले, त्यात दिवसाची तीन अंडी बसली, थोडे शेंगदाणेही. डब्यात सुकट असली की बाकीचे रिक्षावाले नाक मुरडतात आणि एक घास मागतात.

पहिला आठवडा मात्र सोपा गेला नाही. तीन हात नाक्याच्या सिग्नलला काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शुगर खाली गेली होती. त्यांची गोळी शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी. ताटात भात असताना तिचा डोस ठरलेला होता. भात गेला, डोस तोच राहिला. मागच्या सीटवरच्या बाईंनी पर्समधलं चॉकलेट दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोस कमी केला, आणि ताट बदलायच्या आधी मला विचारायचं होतंत, असं सुनावलं. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल, तर तुम्हीही आधी विचारा.

(देव्हारा. बाहेर पाऊस.)

आणि मग आला श्रावण. अंडी बंद, सुकट बंद, कलेजी बंद. काकांना श्रावण मोडायचा नाही, काकूंना शुगर वाढू द्यायची नाही. महिनाभर सोयाबीनच्या वड्या चालल्या. भिजवून, पिळून, खिम्यासारख्या वाटून. 100 ग्रॅम सुक्या वड्यांत 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, पण कर्बोदकंही 30च्या वर, म्हणून वाटी मोजून. एकादशीला शेंगदाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर, भगर नाही. पंधराव्या दिवशी काका वड्यांकडे बघून म्हणाले, "हे काय, स्पंज?"

श्रावण संपला तरी सुटका नव्हती. गणपती घरी पाच दिवस.

(पहाट. तोच ओटा.)

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर पोहोचले. पोळ्यांची कणीक मळून झाकलेली होती, पण तवा आधीच तापला होता. कांदा, मिरची, कोथिंबीर. काका दात घासून ओट्याशी येऊन उभे. मी कॅमेरा लावेपर्यंत अंड्याची पहिली पोळी उलटून झाली होती.